बाटलीत न उगवलेला जीवाणू



रक्ताच्या कल्चरचा अंतिम अहवाल बहुधा पाचव्या दिवशी येतो आणि त्यावर पुष्कळदा दोनच शब्द असतात : ‘नो ग्रोथ’. काही उगवले नाही. नातेवाईक तो कागद वाचतात, ‘कल्चर निगेटिव्ह आलं’ असे एकमेकांना सांगतात आणि त्यांना जरा हायसे वाटते. पण खाटेवरच्या माणसाचा ताप उतरलेला नसतो. मग त्या दोन शब्दांचा अर्थ काय घ्यायचा? जंतू नाही, असा? की जंतू आहे, पण उगवला नाही, असा? या दोन अर्थांमध्ये बरेच अंतर आहे. जनुकीय क्रमवाचन, म्हणजे कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलेले ‘सिक्वेन्सिंग’, हे अंतर कितपत भरून काढते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आधी ती बाटली जवळून पाहिली पाहिजे. मूठभर आकाराची, रबरी बुचाची बाटली. आत पिवळसर पोषक द्रव. प्रौढ माणसाचे ८ ते १० मिलिलिटर रक्त एका बाटलीत जाते. बाटल्या जोडीने भरतात : एक प्राणवायूवर वाढणाऱ्या जीवाणूंसाठी, दुसरी त्याच्याशिवाय वाढणाऱ्यांसाठी. शरीराइतक्या उबेच्या यंत्रात त्या ठेवल्या जातात. जीवाणू वाढू लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या बुडाशी असलेल्या चकतीचा रंग त्याने पालटतो आणि यंत्र इशारा देते. मग त्यातला थेंब काचपट्टीवर, थेंब पेट्री डिशमध्ये. पुढे जीवाणूचे नाव आणि कोणते औषध लागू पडेल याची यादी. पाच दिवसांत यंत्राने इशारा दिलाच नाही, तर अहवालावर ते दोन शब्द उमटतात. म्हणजे अहवाल शरीराबद्दल काही सांगत नाही. त्या एका बाटलीत, त्या पाच दिवसांत काय घडले, एवढेच तो सांगतो.

ही पद्धत सुमारे दीडशे वर्षांची. रॉबर्ट कॉखने आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जीवाणू वाढवले, नंतर जिलेटिनवर. पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळते आणि काही जीवाणू ते खाऊनही टाकतात. तोडगा सुचवला तो कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेस यांच्या पत्नीने, फॅनी हेस यांनी. जेली घट्ट करण्यासाठी त्या स्वयंपाकात अगर वापरत. तेच प्रयोगशाळेत वापरून पाहा, असे त्यांनी १८८१ मध्ये सांगितले. मराठी स्वयंपाकघरात हाच पदार्थ ‘चायना ग्रास’ म्हणून ओळखला जातो. २४ मार्च १८८२ रोजी कॉखने क्षयाचा जीवाणू जगापुढे ठेवला, १८८७ मध्ये पेट्रीची झाकणाची बशी आली, आणि पुढचे शतकभर जंतू ओळखणे म्हणजे जंतू उगवून दाखवणे, असे समीकरण झाले. त्या पद्धतीचे ऋण फार मोठे आहे. पुढच्या विवेचनाने ते उणे होत नाही.

मग जंतू असूनही तो उगवत का नाही?

सर्वांत मोठे कारण अगदी घरगुती आहे. ताप येतो, औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या आणल्या जातात, ताप थोडा उतरतो, परत चढतो. मग दवाखाना, तिथे एक इंजेक्शन. मग मोठे रुग्णालय, आणि तिथे कल्चरसाठी रक्त. एव्हाना जीवाणू अर्धमेले झालेले असतात. हृदयाच्या झडपेत दडून ते झडप कुरतडत राहतात, पण बाटलीत वाढण्याइतके त्यांच्यात बळ नसते. शिवाय रक्ताबरोबर औषधही बाटलीत उतरलेले असते. पहिल्या गोळीआधी घेतलेले रक्त आणि तिसऱ्या दिवशी घेतलेले रक्त यांत निदानाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी.

दुसरे कारण प्रमाणाचे. रक्तात जीवाणू पसरलेले असतानाही कित्येकदा एका मिलिलिटरमध्ये एखादाच सापडतो. दहाच्या जागी दोन मिलिलिटर रक्त घातले, तर तो त्यात आलाच नसेल. तिसरे कारण जागेचे : पू हाडात असतो आणि रक्त स्वच्छ असते.

चौथे कारण जीवाणूंच्या स्वभावाचे, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. क्षयाचा जीवाणू उगवतो, पण घन माध्यमावर त्याला अनेक आठवडे लागतात. लहान मुलांच्या सांध्यांत पू करणारा ‘किंगेला किंगे’ नेहमीच्या बशीवर सहज येत नाही. स्क्रब टायफसचा ‘ओरिएन्शिया’ – २०१८ मध्ये विदर्भात ज्याची मोठी साथ आली – जिवंत पेशीच्या आतच वाढतो. बाटलीतल्या द्रवात त्याला पाच महिने ठेवले तरी इशारा यायचा नाही. आणि कुष्ठरोगाचा जीवाणू? गेऱ्हार्ड हॅन्सनने तो नॉर्वेत १८७३ मध्ये, कॉखच्या क्षयजंतूच्याही नऊ वर्षे आधी पाहिला. आजवर एकाही कृत्रिम माध्यमावर तो वाढलेला नाही. १९६० मध्ये उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवता आला, नंतर अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याच्या हट्टीपणामागचे एक मोठे कारण दिसले : कामाची जनुके सुमारे १,६००, आणि मोडून निकामी झालेली ११०० हून अधिक. स्वतंत्र जगण्याची सामग्रीच त्याने टाकून दिली आहे. ज्या महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले, तिथल्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको की बशीवर न उगवणारा जीवाणू माणसाची बोटे बधिर करून निकामी करू शकतो.

जो उगवत नाही, त्याचे नाव कसे काढायचे?

प्रत्येक सजीवाला प्रथिने बनवावी लागतात आणि ती बनवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. जीवाणूंच्या रायबोसोमचा एक भाग ‘१६-एस आरआरएनए’ या नावाचा. त्याचे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे. अक्षरे चारच – ए, सी, जी, टी. या जनुकाची रचना आरतीसारखी आहे. ध्रुवपद सगळ्या जीवाणूंत जवळजवळ सारखे, कडवी मात्र ज्याची त्याची. अशी बदलती कडवी नऊ आहेत. ध्रुवपद सारखे असल्यामुळे जीवाणू कोणता हे माहीत नसतानाही त्याला पकडता येते, आणि कडवी वेगळी असल्यामुळे तो कोण हे सांगता येते. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेवरून सजीवांची एक संपूर्ण नवी शाखा वेगळी काढली. ते संशोधन उत्क्रांतीचे होते, रुग्णांसाठी नव्हते. पण रुग्णालयांना ओळखपत्रे वाचायची रीत त्यातूनच मिळाली.

पकडायचे साधन म्हणजे पीसीआर, १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांनी सुचवलेले. ध्रुवपदाला चिकटणारे डीएनएचे दोन आखूड तुकडे, म्हणजे प्रायमर, नमुन्यात सोडायचे आणि मधल्या मजकुराच्या प्रती काढायच्या. दर फेरीला प्रती दुप्पट. ३० फेऱ्या झाल्या की हिशेबाने एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक होतात. नमुन्यातला जीवाणू मेलेला असला तरी चालतो. त्याला वाढायचे नाही, फक्त वाचून घ्यायचे आहे.

वाचन पडद्यावर दिसते ते असे : एकामागून एक लाटा, हिरवी ए, निळी सी, काळी जी, लाल टी. एकाच जीवाणूचा नमुना असेल तर लाटा सुट्या, टोकदार, एकीनंतर एक. पाचशे-सातशे अक्षरांची ती ओळ साठवणीतल्या लाखो ओळींशी ताडून पाहिली की नाव समोर येते. नमुन्यात दोन जीवाणू असले तर लाटांवर लाटा चढतात आणि काहीच धड वाचता येत नाही. पोटातल्या किंवा मेंदूतल्या गळवात चार-पाच जीवाणू एकत्र नांदतात, तिथे ही जुनी सँगर पद्धत हात टेकते. एकाच वेळी लाखो तुकडे सुटे सुटे वाचणारी नवी यंत्रे अशा वेळी लागतात.

या वाचनाच्या सुरुवातीच्या मोठ्या विजयांपैकी एक व्हिपल आजाराचा. १९०७ मध्ये जॉर्ज व्हिपल यांनी ३६ वर्षांच्या एका वैद्यकीय मिशनऱ्याचे शवविच्छेदन केले. सांधेदुखी, जुलाब, वजन घटत जाऊन आलेला मृत्यू. एका लसीकाग्रंथीच्या कापात व्हिपल यांना दंडाकार जंतूंसारखे काही दिसले. पुढे प्रतिजैविकांनी असे रुग्ण सुधारतात हेही लक्षात आले. जंतू दिसतो, औषधाने हटतो, पण कोणत्याही बशीवर येत नाही! तब्बल ८५ वर्षे तो बिननावाचा राहिला. १९९२ मध्ये डेव्हिड रेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या आतड्याच्या तुकड्यातून १६-एस वाचले आणि तो कोणत्या कुळातला ते सांगून त्याला ‘ट्रोफेरिमा’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये अर्थ, पोषणाला अडसर. बारसे आधी झाले, बाळ नंतर दिसले. २००० साली मार्से येथे दिदिए राऊल यांच्या गटाने तो माणसाच्या पेशींत वाढवून दाखवला, आणि तो नमुना होता एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेचा.

झडपेचा उल्लेख आलाच आहे, तर कल्चर निगेटिव्ह राहणाऱ्या संसर्गांत झडपेचा संसर्ग सर्वांत घातक गटातला, हेही सांगितले पाहिजे. ताप महिना महिना चालतो, इकोमध्ये झडपेवर लोंबणारी गाठ दिसते आणि बाटल्या गप्प. कारण आधीची प्रतिजैविके असेल, किंवा गुरे-शेळ्यांकडून येणारा ‘कॉक्सिएला’, किंवा उवा आणि मांजरांशी नाते असलेला ‘बार्टोनेला’, किंवा हाच ट्रोफेरिमा. नाव कळल्याने काय बदलते? सगळे उपचार बदलतात. नेहमीच्या जीवाणूंना चार-सहा आठवड्यांचे इंजेक्शन पुरते. कॉक्सिएलाला डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किमान १८ महिने द्यावे लागते. म्हणूनच झडपेच्या संसर्गाचे ड्यूक निकष २०२३ मध्ये सुधारले, तेव्हा या तीन जीवाणूंचा डीएनए रक्तात सापडणे हा प्रमुख पुरावा मानला गेला. उगवण्याइतकाच वाचण्याला मान मिळाला.

१६-एस फक्त जीवाणू पकडते. यापुढची पायरी म्हणजे नमुन्यात जो जो डीएनए आहे तो सगळाच वाचायचा : माणसाचा, जीवाणूचा, विषाणूचा, बुरशीचा. याला मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंग म्हणतात. आधी कोणाचाही संशय घ्यावा लागत नाही, हे त्याचे बलस्थान.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक हकीकत या क्षेत्रात सर्वांना पाठ आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला १४ वर्षांचा मुलगा, जन्मतः प्रतिकारशक्ती दुबळी. ताप, डोकेदुखी, मग मेंदूत पाणी साचणे, मग न थांबणारे झटके. चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात. मेंदूचा तुकडाही काढून तपासला. कारण सापडले नाही. पाठीच्या मणक्यातले पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स चिऊ आणि जोसेफ डेरिसी यांच्या गटाकडे गेले. ४८ तासांत उत्तर आले. वाचलेल्या ३० लाखांहून अधिक तुकड्यांपैकी ४७५ तुकडे लेप्टोस्पायराचे होते. मुलगा आदल्या वर्षी पोर्तो रिकोला जाऊन आला होता. त्याचे शरीर प्रतिपिंडेच बनवत नसल्याने नेहमीची रक्ततपासणी लेप्टो दाखवूच शकत नव्हती. औषध कोणते लागले? पेनिसिलिन. जगातल्या सर्वांत जुन्या आणि स्वस्त प्रतिजैविकांपैकी एक. काही आठवड्यांत तो घरी गेला.

लेप्टो हा शब्द मुंबई आणि कोकणाला नवा नाही. २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलेल्या मुंबईकरांना तो कळला. सिंधुदुर्गात भातलावणीला चिखलात उतरणाऱ्यांना तो दर पावसाळ्यात भेटतो. या जीवाणूचे कल्चर खास माध्यमावर कित्येक आठवडे घेते, आणि रक्तातली प्रतिपिंडे पहिल्या आठवड्यात बहुधा दिसत नाहीत. नेमक्या त्याच आठवड्यात रक्तात जीवाणूचा डीएनए असतो. तेवढ्यासाठी मेटाजीनोमिक्सची गरज नाही. साध्या पीसीआरने भागते. ज्याचा संशय आहे त्याला थेट शोधावे आणि कोणाचा संशय घ्यावा हेच सुचत नसेल तेव्हा सगळे वाचावे, असा हा क्रम आहे.

पण सगळे वाचण्यातही एक अडचण दडलेली आहे. माणसाच्या एका पेशीत ६०० कोटींच्या वर अक्षरे. जीवाणूत चाळीस-पन्नास लाख. म्हणजे एका पांढऱ्या पेशीच्या मजकुरात हजारभर जीवाणूंचा मजकूर बुडून जातो. पुवात तर पांढऱ्या पेशीच पेशी. वाचलेल्यातला बहुतेक भाग रुग्णाचाच निघतो. अमेरिकेतल्या आठ रुग्णालयांतील मेंदूज्वर आणि तत्सम आजारांच्या २०४ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत जीवाणू, विषाणू सगळे धरून ५८ संसर्ग निश्चित झाले. त्यांतले १३ फक्त सिक्वेन्सिंगने सापडले, नेहमीच्या तपासण्यांनी नव्हे. आणि २६ सिक्वेन्सिंगच्या हातून निसटले : काही केवळ प्रतिपिंडांवरून कळले, काहींचा जंतू दुसऱ्याच अवयवात होता, काहींत तो फार थोडा होता. तेरा जणांचे मोल कमी नाही. पण सव्वीस विसरून तेराच मोजले, तर ते शास्त्र राहत नाही, जाहिरात होते.

सापडलेले नाव तरी खरे मानायचे का? ‘नो ग्रोथ’वर जेवढा संशय घ्यायचा तेवढाच इथेही घ्यावा लागतो. ३० फेऱ्यांत खऱ्या जीवाणूच्या प्रती वाढतात तशा धुळीतल्या जीवाणूच्याही वाढतात. कातडीवरचे जीवाणू सुईबरोबर येतात. एवढेच नव्हे, डीएनए वेगळा काढण्याच्या तयार किटमधल्या द्रावणांतही माती-पाण्यातल्या जीवाणूंचा डीएनए असतो, ती द्रावणे निर्जंतुक असली तरी. म्हणून प्रत्येक वेळी रुग्णाच्या नमुन्याशेजारी एक रिकामी नळी तशाच सगळ्या पायऱ्यांतून न्यावी लागते. तिच्यात जे सापडेल ते रुग्णाच्या नावावर मांडता येत नाही. या रिकाम्या नळीचा उल्लेख नसलेला अहवाल वैद्याने परत पाठवावा, इतकी ती महत्त्वाची आहे. दुसरी गोष्ट, बऱ्या झालेल्या झडपेतही मेलेल्या जीवाणूचा डीएनए कित्येक महिने राहतो. केवळ तेवढ्यावरून औषध चालू ठेवणे चूक. तिसरी, कडवी कधी कधी फारच सारखी असतात. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस आणि तोंडात निरुपद्रवी राहणारा ‘मायटिस’ यांच्यात १६-एस धड फरक करू शकत नाही; ई. कोलाय आणि शिगेला यांच्यातही नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव औषधाची. बशीवर उगवलेल्या जीवाणूभोवती औषधांच्या चकत्या ठेवल्या की कोणते औषध लागू पडते ते डोळ्यांनी दिसते. १६-एसच्या ओळीत ते लिहिलेले नसते. क्षयाच्या बाबतीत ही उणीव बरीचशी भरून निघाली आहे, कारण तिथे कोणती जनुके वाचायची हे माहीत आहे. रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंत बहुतेक बदल एका जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात. त्याच पट्ट्यावर आधारलेली, दोन तासांत उत्तर देणारी तपासणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्य केली. २०२१ मध्ये कोणत्या बदलाने कोणते औषध निकामी होते याची सूची काढली. २०२४ मध्ये थुंकीतल्या जंतूची ठरावीक जनुके थेट वाचण्याची पद्धत मार्गदर्शक सूचनांत घेतली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने ज्या मुंबईतली घरे मोडली, त्या शहरासाठी सहा आठवड्यांऐवजी काही दिवसांत मिळणारे उत्तर म्हणजे योग्य औषधाचे वाचलेले आठवडे आहेत. इतर जीवाणूंसाठी मात्र अशी विश्वासार्ह सूची अजून अपुरी आहे. म्हणून कल्चर बंद करून सिक्वेन्सिंग, असा पर्यायच नाही. कल्चर तर घ्यायचेच.

प्रत्यक्षात निदान हुकते ते बहुतेकदा यंत्रापाशी पोचण्याच्या आधीच. शस्त्रक्रियागृहात सडलेली झडप बाहेर येते, किंवा मणक्यातला पुवाळलेला तुकडा. परिचारिका हाताशी असलेली बाटली पुढे करते आणि त्यात फॉर्मलिन असते. सूक्ष्मदर्शकासाठी ते योग्यच. पण फॉर्मलिनमध्ये जीवाणू मरतो, म्हणजे कल्चर गेले, आणि डीएनएचे तुकडे होऊन ते प्रथिनांना जखडले जातात, म्हणजे वाचनही अवघड झाले. एका क्षणात दोन्ही वाटा बंद. यासाठी करायचे ते फार थोडे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत : तुकड्याचे तीन भाग. एक फॉर्मलिनमध्ये, एक निर्जंतुक डबीत कल्चरसाठी, आणि तिसरा निर्जंतुक कोरड्या डबीत, रुग्णाचे नाव आणि तारीख घालून थेट फ्रीझरमध्ये. सोबतच्या कागदावर प्रतिजैविकाची पहिली मात्रा कधी दिली ते लिहायचे, घरी गुरे आहेत का, पावसात पाण्यातून चालणे झाले का, तेही लिहायचे. कारण यंत्राने दिलेल्या पाच नावांतले खरे कोणते, हे बहुतेक वेळा याच दोन ओळींवरून ठरते. कल्चर उगवले तर तिसऱ्या डबीचे काम नाही. पाचव्या दिवशी ‘नो ग्रोथ’ आले, तर ती डबी फ्रीझरमध्ये असते.